विस्थापित मुलांना 'नेतृत्व' शिकवायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

मुक्ता_सोलापूर | १६ नोव्हेंबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, कारण अडले आहे.

विजापूर रोडला एक वसतिगृह आहे, नाव देत नाही. तिथे गेल्या वर्षीपासून मणिपूरची नऊ मुलं राहतात. पाच मुली नर्सिंगला, चार मुलगे पदवीला. ३ मे २०२३ ला तिथे मैतेई आणि कुकी समाजांमध्ये जे पेटलं त्यात साठेक हजार माणसं घरातून उठली, त्यांतलीच ही. काहींचे आईवडील अजून छावणीत आहेत. मी निवृत्त शिक्षिका, शनिवारी संध्याकाळी दोन तास तिथे जाते. आधी इंग्रजी घेत होते. गेल्या महिन्यात वसतिगृह चालवणाऱ्यांनी सांगितलं, "बाई, आता यांचं नेतृत्वविकासाचं शिबिर घ्या, दहा तासांचं."

मी मनापासून तयारी केली. फळ्यावर 'नेता म्हणजे कोण?' लिहिलं, गट पाडले, जुन्या वर्तमानपत्रांचे मनोरे करायला लावले. सगळे नम्रपणे करत होते, पण डोळे कुठेतरी दुसरीकडे. दुसऱ्या शनिवारी मी म्हटलं, तुम्ही पुढाकार घेतलात असा एक प्रसंग सांगा. कोणी बोलेना. मग एक मुलगी, एकवीसची असेल, तिला इथे 'थोरली' म्हणते, हिंदीत अगदी हळू म्हणाली, "मॅम, आमची छावणी एका शाळेत होती. सगळ्यांना मिळून दोन संडास. सकाळची रांग मी लावायचे. ते यात बसतं का?"

मला उत्तर देता आलं नाही. सात रस्त्यापर्यंत रिक्षात गप्प बसून आले.

जिने हे केलंय तिला मी कागदाचे मनोरे काय शिकवू? पण काहीच करू नये असंही वाटत नाही. घर गेलेल्या पोरांना पुन्हा उभं राहायला, चार माणसांत बोलायला, निर्णय घ्यायला बळ कसं द्यायचं? कोणी असं काम केलंय का? आणखी एक अडचण: मुलं दोन्ही बाजूंची आहेत, मैतेई आणि कुकी. भांडत नाहीत, पण जेवायला एका ओळीत बसत नाहीत.

कडकभाकरी | १६ नोव्हेंबर, रात्री १०:०५

ताई, आधी शिबिर बंद करा आणि त्यांना जेवायला घाला. आमच्याकडे कधीही आणा. शेंगाचटणी, कडक भाकरी, हुरड्याचे दिवस येतातच आहेत. पोट भरल्यावर माणूस बोलतो.

शब्दवेडा | १६ नोव्हेंबर, रात्री १०:३१

विषय महत्त्वाचा आहे म्हणून एक शब्दाची गोष्ट आधीच. काही जण इथे 'निर्वासित' म्हणतील. ही मुलं भारताचे नागरिक आहेत, त्यांनी कुठलीही आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडलेली नाही. ती 'विस्थापित'. निर्वासितांसाठी १९५१ चा आंतरराष्ट्रीय करार आहे (आपण त्यावर सही केलेली नाही), पण देशातल्या देशात उखडलेल्यांना तोही लागू होत नाही. त्यांचं जे काही करायचं ते आपल्याच सरकारने आणि आपल्याच समाजाने. म्हणून मुक्ताताईंचा प्रश्न सोलापूरचाही प्रश्न आहे.

कडकभाकरी | १६ नोव्हेंबर, रात्री १०:३६

बरं, विस्थापितांना भाकरी. वाढायला बसतो.

अंतर | १७ नोव्हेंबर, सकाळी ८:१२

रागावू नका, पण मनात आलं ते लिहितो. आपल्या गावातल्या पोरांना कोण नेतृत्व शिकवतंय? यंत्रमाग एकेक बंद पडले. विडी वळणाऱ्या बायकांची मुलं बारावी करून पुण्याला कुरिअरच्या पिशव्या उचलतात. विस्थापित म्हटलं की देणगी येते, अक्कलकोट रोडच्या पोराला कोण विचारतो? मणिपूरच्या मुलांबद्दल राग नाही. पण हे डोळ्यांत खुपतं.

तारेबाहेर | १७ नोव्हेंबर, सकाळी ११:२०

@अंतर, खुपणं समजू शकतो. माझंही एक खुपणं सांगतो, ते मुक्ताताईंच्या प्रश्नाला धरून आहे.

माझे आजोबा सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये जन्मले. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने आख्ख्या जातीच्या जाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या, तारेच्या कुंपणात कोंडल्या. हजेरी द्यायची, परवानगीशिवाय बाहेर पडायचं नाही. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो शिक्का पुसला. आमच्याकडे १५ ऑगस्टपेक्षा तो दिवस मोठा. हे लढाईने झालेलं विस्थापन नाही, पण घरातून उपटून एका आवारात टाकणं म्हणजे काय हे आमच्या वस्तीला ठाऊक आहे.

वस्तीत मी लहानपणापासून शिबिरं पाहिली. व्यक्तिमत्त्वविकास, व्यसनमुक्ती, नेतृत्व. माणसं चांगली होती, मनापासून यायची. संध्याकाळी गाडीत बसून जायची, आणि खुर्च्या आम्ही गोळा करायचो. फरक कधी पडला सांगू? वस्तीतल्या एका काकूंकडे रेशनकार्डाचे आणि जातीच्या दाखल्याचे अर्ज भरायचं काम आलं तेव्हा. चौथी शिकलेली बाई. तिच्या ओट्यावर रांग लागायची. तिने चुका केल्या, अर्ज परत आले, पुन्हा भरले. दोन वर्षांत तहसीलमधला कारकून तिला नावाने ओळखायला लागला. पुढे वस्तीत पाण्याचा नळ आला तो तिच्यामुळे.

तिच्या हातात काम होतं आणि त्या कामावर तिचा हक्क होता. ताई, त्या मुलांच्या हातात तिथे कोणतं काम आहे? हे बघा. बाकी सगळं नंतर.

रानवारा | १७ नोव्हेंबर, सकाळी ११:४४

तारेबाहेर, प्रतिसाद दोनदा वाचला. वाचनखूण साठवली.

मनोवैद्य | १७ नोव्हेंबर, दुपारी ३:०२

व्यवसायाने मानसोपचार करतो म्हणून थोडं लांब लिहितो.

मुक्ताताई, 'प्रसंग सांगा' हे तूर्त थांबवा. जे घडलं ते पुन्हापुन्हा सांगायला लावल्याने मन मोकळं होतं असा आपल्याकडे समज आहे. जबरदस्तीने उगाळल्याने उलट त्रास होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये मानसिक प्रथमोपचाराचं एक साधं मार्गदर्शक काढलं. त्याचा गाभा तीन क्रियांत आहे: बघा, ऐका, जोडून द्या. बघा म्हणजे आत्ता त्याला कशाची गरज आहे ते पाहा. ऐका म्हणजे तो स्वतःहून बोलेल तेवढंच. जोडून द्या म्हणजे माणसांशी, सेवांशी, घरच्यांशी. त्यात कुठेही 'बोलतं करा' नाही.

दुसरं, संघर्षातून आलेल्या तरुणांमध्ये दोन टोकं दिसतात. काही जण वयाआधी मोठे होतात, सगळ्यांची काळजी वाहतात आणि स्वतः आतून रिकामे होतात. तुमची थोरली त्यातली असू शकते. तिला आणखी जबाबदारी हवी असेलच असं नाही. कदाचित कोणीतरी 'आज तू रांग लावू नकोस, मी लावतो' म्हणणारं हवं असेल. दुसरं टोक म्हणजे काहीच ठरवता न येणारे. छावणीत सगळं दुसरेच ठरवतात, कधी खायचं, कुठे झोपायचं. ठरवायची सवयच जाते. यांना छोटे, खरे, परिणाम असलेले निर्णय हवेत.

झोप उडालीय, दचकून उठतात, जेवण तुटलंय असं दिसलं तर शिबिराची वाट पाहू नका. सरकारची 'टेलिमानस' सेवा १४४१६ वर आहे, तिच्यावर अनेक भाषांत बोलता येतं. तिथे लावून द्या, किंवा मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

फौजी_बार्शी | १७ नोव्हेंबर, सायंकाळी ६:५०

इंफाळला तीन वर्षं नोकरी केली आहे, म्हणून दोन शब्द.

मणिपूरच्या पोरांना नेतृत्व ठाऊक नाही असं कुणी समजू नये. इंफाळच्या मध्यावर इमा कैथेल नावाचा बाजार आहे, 'आयांचा बाजार', हजारो दुकानं आणि सगळ्या विक्रेत्या बायका. १९३९ साली तांदूळ बाहेर पाठवला जात होता आणि गावात भाव भडकले, तेव्हा तिथल्या बायकांनी आंदोलन केलं, त्याला नुपी लान म्हणतात. आजही रात्री मशाली घेऊन गस्त घालणाऱ्या बायका आहेत, मैरा पायबी. डोंगरातल्या कुकी गावांत चर्चचे तरुण मंडळ गावाचं निम्मं काम चालवतं. विद्यार्थी संघटना तर इतक्या की आपल्याकडचे पक्ष कमी पडतील. ही मुलं अशा समाजातून आलीत.

पण याच संघटना संघर्षात आपापल्या बाजूच्या झाल्या. पोरगा पुढे आला की आपल्या बाजूचाच पुढारी होतो. तो तरुण पुढे आला तर कुणाला घेऊन पुढे येणार, हा खरा प्रश्न. त्याचं उत्तर माझ्याकडे नाही.

रानवारा | १७ नोव्हेंबर, सायंकाळी ७:१५

फौजीकाकांच्या मुद्द्याला धरून: संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने डिसेंबर २०१५ मध्ये २२५० क्रमांकाचा ठराव केला, तरुण आणि शांतता या विषयावरचा तो पहिलाच. १८ ते २९ वयाच्या तरुणांना शांततेच्या वाटाघाटींत जागा द्या, असं त्यात आहे. म्हणजे तरुणांकडे फक्त बळी किंवा धोका म्हणून पाहू नका. २०२४ च्या अखेरीस जगात १२ कोटी ३२ लाख माणसं जबरदस्तीने घर सोडलेली होती, त्यांतली सुमारे ४० टक्के अठराच्या आतली. त्यांना वगळून शांतता कुणाशी करणार?

अंतर | १७ नोव्हेंबर, रात्री ८:०३

ठराव न्यूयॉर्कला होतात. विजापूर रोडला काय करायचं ते सांगा.

नाना_होटगी | १८ नोव्हेंबर, पहाटे ५:३०

झोप येत नाही या वयात. लिहूनच टाकतो.

आमचं गाव नळदुर्गच्या बाजूचं, तेव्हाच्या निजाम राज्यातलं. १९४८ च्या उन्हाळ्यात रझाकारांच्या भीतीने आमच्या भावकीतली चाळीसेक माणसं जनावरांसकट सोलापुरात आली. सोलापूर तेव्हा मुंबई इलाख्यात, म्हणजे हद्द ओलांडली की जीव वाचला. माझे वडील तेव्हा सतरा वर्षांचे. एका धर्मशाळेत उतरले. सोलापूरकरांनी सांभाळलं, हे आमच्या घरात अजून हात जोडून सांगतात.

घरोघरून भाकरी गोळा व्हायची. आधी काय होई, एका गल्लीतून शंभर भाकरी यायच्या, दुसरीतून शून्य, आणि संध्याकाळी आलेली माणसं उपाशी राहायची. धर्मशाळेत एक वयस्कर दिवाणजी होते. त्यांनी माझ्या वडिलांना एक वही दिली आणि म्हणाले, "तू लिही." एवढंच. वडिलांनी पानं आखली. डावीकडे गल्ली, मध्ये घर, उजवीकडे भाकरी किती आणि कोणत्या वेळी. तीन दिवसांत त्यांच्या लक्षात आलं की काही घरं रोज देऊन थकलीत आणि लाजेखातर नाही म्हणत नाहीत. मग त्यांनीच एकाआड एक दिवस ठरवला. दिवाणजींना विचारलंसुद्धा नाही. दिवाणजींनी वही पाहिली, मान हलवली आणि परत दिली.

१३ सप्टेंबरला फौजा सोलापूरकडून नळदुर्गावर गेल्या, १७ ला निजाम शरण आला. आमची माणसं परत गेली. वडील पुढे गावच्या सहकारी सोसायटीचे सचिव झाले, तरी शेवटपर्यंत वही तशीच आखायचे. मी विचारायचो, तुम्हाला हे कुणी शिकवलं? म्हणायचे, "दिवाणजींनी वही परत मागितली नाही, त्यातच शिकलो."

पूर्वभागातला | १८ नोव्हेंबर, सकाळी ७:४८

नाना, सकाळी सकाळी रडवलंत ओ.

सोनचाफा | १८ नोव्हेंबर, दुपारी १२:२६

नानांचा प्रतिसाद वाचून थांबून राहिले होते. लिहावं की नको असं झालं. पण धागाच या विषयाचा आहे.

माझी नानीही १९४८ मध्येच सोलापुरात आली, उस्मानाबाद जिल्ह्यातूनच. पण सप्टेंबरनंतर. पोलीस ॲक्शन झाल्यावर तिथल्या खेड्यांत मुसलमानांवर जे झालं त्यातून वाचून. सरकारने पाठवलेल्या सुंदरलाल समितीने सत्तावीस ते चाळीस हजार माणसं मारली गेल्याचा अंदाज दिला होता. नानीचे अब्बा आणि दोन भाऊ त्यात गेले. तिचं वय चौदा.

ती इथे विड्या वळायला बसली. लिहिता-वाचता येणारी त्या ओळीत ती एकटीच. ठेकेदाराचा माणूस हजारामागे मूठभर विड्या 'खराब' म्हणून बाजूला काढायचा आणि त्यांचे पैसे कापायचा. नानी रोज प्रत्येकीच्या किती काढल्या ते लिहून ठेवायची. महिनाभराने तिने तो कागद सगळ्यांसमोर वाचून दाखवला. काम जाईल म्हणून तिची अम्मी थरथरत होती. काम गेलं नाही. त्या ओळीत हिंदू बायकाही होत्या, तेलुगू बोलणाऱ्या, आणि दुसऱ्या दिवशी त्या आपापल्या विड्या मोजायला नानीकडे घेऊन आल्या.

फौजीकाका विचारतात, पुढे आलेला तरुण कुणाला घेऊन पुढे येणार. नानीच्या कागदावर सगळ्यांची नावं होती, कारण पैसे सगळ्यांचेच कापले जायचे.

ढगफुटी | १८ नोव्हेंबर, दुपारी १:१०

रझाकारांनी आधी काय केलं तेही लिहा की मग.

संपादक मंडळ | १८ नोव्हेंबर, दुपारी १:४०

दोन्ही सदस्यांनी आपापल्या घरातलं दुःख लिहिलंय. इथे हिशेब मांडला जाणार नाही. मूळ प्रश्नावर राहावे.

नाना_होटगी | १८ नोव्हेंबर, दुपारी ४:१५

सोनचाफा बेटी, हे आम्हाला ठाऊक होतं. आमच्या घरात बोललं जायचं नाही. वडील परत गेले तेव्हा शेजारची काही घरं उघडी पडली होती, एवढंच एकदा म्हणाले होते. तू लिहिलंस ते बरं केलंस. कधी होटगीला आलीस तर घरी ये.

सोनचाफा | १८ नोव्हेंबर, दुपारी ४:३२

येईन, नाना. नक्की.

कोल्हापुरी_रस्सा | १८ नोव्हेंबर, रात्री ९:२२

आमच्याकडचं एक सांगतो. कोल्हापूरजवळ वळिवडे गावात १९४३ ते १९४८ पोलंडच्या विस्थापितांची छावणी होती. पाचेक हजार माणसं, बहुतेक बायका आणि मुलं. आधी पोलंडमधून सोव्हिएत रशियात हद्दपार केलेली, तिथून इराणमार्गे इथे. त्यांनी बराकींत शाळा काढल्या, नाटकं बसवली आणि मुख्य म्हणजे स्काउट-गाइडची पथकं उभी केली. मोठी मुलं लहानांच्या तुकड्या चालवायची, स्वतः अजून शाळेत असताना.

ती गेल्यावर त्याच जागेत सिंधी निर्वासित आले. आज ते गांधीनगर, कापडाची मोठी बाजारपेठ. एकाच जागी दोन देशांची घर गेलेली माणसं पुन्हा उभी राहिली. तिबेटी लोकांनीही १९६० पासून धरमशालेच्या मुलांच्या गावात हेच केलं, तिथलं ब्रीदच 'स्वतःआधी इतर' असं आहे. या सगळ्यांत मला एक दिसतं: मोठ्या मुलावर लहान मूल सोपवलेलं असतं.

खाऊगल्ली | १९ नोव्हेंबर, सकाळी १०:०१

आपल्या महाराष्ट्रातलंच हवं तर अधिक कदमांचं काम बघा. श्रीगोंद्याकडचा तरुण कुपवाड्यात गेला आणि २००२ पासून तिथे अनाथ मुलींची घरं चालवतो. पुण्यात 'सरहद' संस्थेने काश्मीरची मुलं शिकवली. १९९० नंतर काश्मिरी पंडितांच्या मुलांना आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत जागा राखून दिल्या, त्यातून कितीतरी जण उभे राहिले. म्हणजे आधी शिक्षणाची वाट, कागदपत्रं, फी. ते नसेल तर नेतृत्वाचं बोलणं पोकळ आहे. मुक्ताताई, या नऊ जणांच्या गुणपत्रिका, दाखले सगळे आहेत का हातात?

मुक्ता_सोलापूर | १९ नोव्हेंबर, रात्री १०:५०

सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले. नाना आणि सोनचाफा, तुमचे तर मोठ्याने वाचले, ह्यांना ऐकवले.

@खाऊगल्ली, आज विचारलं. तिघांची मूळ कागदपत्रं घराबरोबर जळाली. दुय्यम प्रतीसाठी बोर्डाला अर्ज करायचेत हे त्यांना माहीत होतं, पण एका वर्षात कुणीही बसून भरून घेतले नाहीत. मीही नाही. मी वर्तमानपत्राचे मनोरे करत होते, याचं वाईट वाटलं.

@अंतर, तुम्ही शनिवारी याल का? तुमच्या ओळखीची दोनचार मुलं घेऊन? मला खरंच हवी आहेत.

आता काही दिवस लिहिणार नाही. आधी करून बघते.

अंतर | २० नोव्हेंबर, सकाळी ७:०५

येतो. माझा पुतण्या आणि त्याचे दोन मित्र. फुटबॉल चालेल का? तिघंही खेळतात.

फौजी_बार्शी | २० नोव्हेंबर, सकाळी ७:२०

मणिपूरच्या पोरांना फुटबॉल चालेल का म्हणून विचारताय? सामन्याचा निकाल आत्ताच सांगतो!

मुक्ता_सोलापूर | ४ जानेवारी, रात्री ९:१५

मंडळी, दीड महिन्याने परत आलेय. लांब लिहिणार आहे.

शिबिर बंद केलं. व्यवस्थापकांशी बोलायला दोन खेपा घालाव्या लागल्या, पण शेवटी त्यांनी एक मान्य केलं: मुलांच्या मेसचा डिसेंबरचा पैसा मुलांच्याच हातात. दोन अटी माझ्या. खर्च दोघांच्या सहीने होईल, एक सही इकडची, एक तिकडची. आणि महिनाभर मोठ्या माणसांनी मध्ये पडायचं नाही. दुसरी अट खरं तर माझ्या स्वतःसाठी होती.

थोरलीला मी आधी एकटीला विचारलं, तुला हे हवंय का, की विश्रांती हवीय? मनोवैद्यांचं वाक्य डोक्यात होतं. ती म्हणाली, "मॅम, सही मी करेन. पण बाजारात मी जाणार नाही. गर्दीत अजून भीती वाटते." म्हणून बाजार दोन मुलग्यांकडे गेला.

पहिला आठवडा फसला. मंगळवार बाजारातून त्यांनी उत्साहाने भाजी आणली, निम्मी सडली. शुक्रवारी फक्त भात आणि वरण. मला खूप वाटत होतं की जाऊन पैसे द्यावेत. गेले नाही, फक्त कडकभाकरींनी पाठवलेला चटणीचा डबा पोचवला. शनिवारी गेले तर वहीत पान आखलेलं: वार, भाजी, किती आणली, किती फेकली. नानांची गोष्ट मी त्यांना सांगितलेली नव्हती, खरंच. 'फेकली'चा रकाना त्यांचा त्यांनी काढला.

जेवणाच्या ओळीचं. तिसऱ्या आठवड्यात मिरचीवरून वाद झाला. आपली लवंगी त्यांना मिळमिळीत लागते, त्यांना त्यांची उमोरोक हवी. ती मागवायला पैसे जास्त लागणार, मग अंडी एक दिवस कमी. दोन्ही बाजूंच्या मुलांनी मिरचीच्या बाजूने मत दिलं आणि अंड्यांच्या बाजूने उभा राहिला एकटा अंतर यांचा पुतण्या, जो तिथे जेवतही नाही! त्या रात्री सगळे हसले. आता रोज एका ओळीत बसतात असं नाही. रविवारी बसतात. जे झालं ते विसरलेत असंही नाही, विसरावं अशी माझी अपेक्षाही नाही.

अर्जांचं. तिघांचे अर्ज गेले. ते भरायला बसला तो सगळ्यांत अबोल मुलगा. त्याला मी विचारलं, तू गटाचा प्रतिनिधी होशील का? म्हणाला, "नाही मॅम. मला पुढे यायचं नाही. मला पास व्हायचंय." मी बरं म्हटलं. त्याच्या शांतपणाला मी आता नाव देत नाही. मात्र आता छावणीतल्या ओळखीच्या मुलांचे फोन त्याला येतात, कुठला फॉर्म, कुठला स्टॅम्प म्हणून, आणि तो रात्री अकरापर्यंत गच्चीवर फिरत त्यांना सांगत असतो.

देणगीदारांच्या कार्यक्रमात एका मुलीने मंचावर आपली कहाणी सांगावी अशी मागणी आली होती. मी नाही म्हणणार होते. थोरलीने आधीच लिहून दिलं: आम्ही आमच्या मेसचा हिशेब सादर करू, कहाणी नाही. तो हिशेब मंजूर झाला.

आणि माझा मूळ प्रश्न. गेल्या शनिवारी मी तिला म्हटलं, तू विचारलं होतंस, ते यात बसतं का. मी दीड महिना उशिरा उत्तर देते. बसतं. आणि मला ते शिकव. रांग कशी लावायचीस? ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, आधी म्हातारे आणि गरोदर बायका. मग लहान मुलांच्या आया. मग बाकीचे. आणि सगळ्यांत शेवटी तिची स्वतःची आई, म्हणजे कुणाला काही म्हणायला जागा राहत नव्हती. "आई चिडायची," म्हणाली, "पण उभी राहायची."

मनोवैद्य | ४ जानेवारी, रात्री १०:०२

मुक्ताताई, गर्दीच्या भीतीबद्दल तिच्याशी एकदा बोलू देता का मला? तिची तयारी असेल तरच. घाई नाही.

तारेबाहेर | ४ जानेवारी, रात्री १०:३०

'फेकली'चा रकाना! वस्तीच्या काकूंना फोन करून सांगितलं. त्या म्हणाल्या, पोरांना घेऊन ये, दाखल्याचे अर्ज कसे भरतात ते मी दाखवते, आणि त्यांच्याकडचं मी शिकते.

अंतर | ५ जानेवारी, सकाळी ८:४०

पुतण्या आता शनिवारी सकाळपासून तयार होऊन बसतो. सामना आम्ही ७-१ ने हरलो, फौजीकाकांना कळवावं. सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा आठवड्यावर आली. त्याने आणि त्या अबोल पोराने ठरवलंय की वसतिगृहातल्या सगळ्यांना नंदीध्वजांची मिरवणूक दाखवायची, पण गर्दीच्या रस्त्यावर न नेता एखाद्या ओळखीच्या घराच्या गच्चीवरून. गच्ची कुणाची आहे का वाटेवर?

खाऊगल्ली | ५ जानेवारी, सकाळी ९:१२

माझ्या मावशीची आहे. दहा-बारा जण आरामात मावतात. व्यनि करते.

पूर्वभागातला | ५ जानेवारी, दुपारी २:५५

मुक्ताताई, तुम्ही डिसेंबरात दोन मुलींना आमच्याकडे माग बघायला पाठवलं होतं ना, त्याचं लिहायचं राहिलं. आमचे आजोबा तेलंगणातून पोटासाठी इथे आले, खड्ड्याचा माग घरात अजून आहे, आई कधीमधी बसते. एक मुलगी मागापाशी गेली आणि हात न लावता उभीच राहिली. मग म्हणाली, त्यांच्याकडे माग कमरेला बांधतात, पट्टा पाठीमागून घ्यायचा आणि अंगानेच ताण द्यायचा. आईला मराठी जेमतेम, हिंदी त्याहून कमी. दोघींनी हातवाऱ्यांनी तासभर बोलणं केलं. आईने धोटा तिच्या हातात दिला. दोन धागे तुटले, आईने जोडले, तिसऱ्या वेळी पोरीने स्वतः गाठ मारली, आणि ती गाठ आईपेक्षा बारीक होती. आई तेलुगूत काहीतरी म्हणाली आणि बोट लावून मला दाखवत बसली.

मी विचारलं तुझा तो पट्टा कुठाय, तर घरातच राहिला म्हणाली.

आईने जुन्या सतरंजीची जाड पट्टी कापून, दोन्ही टोकांना शिवून ठेवलीय. रोज विचारते, पोरगी कधी येणार. शनिवारी पाठवताय की रविवारी?

मुक्ता_सोलापूर | ५ जानेवारी, दुपारी ३:१०

शनिवारी, चार वाजता. या वेळी तिघी येतील. तिसरी समोरच्या ओळीतली आहे, तिने स्वतःहून विचारलं.